महिन्याला ५७ रुपये

बँकेत नोकरी केली की एक खोड लागते. कर्ज ते कर्ज, अनुदान ते अनुदान, देणगी ती देणगी. तिघांची खाती वेगळी, तिघांचे रकाने वेगळे. म्हणून हवामान परिषदांच्या बातम्या वाचताना माझं डोकं तापतं. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते २०२२ मध्ये साधलं, ११५.९ अब्ज. दोन वर्षं उशिरा, पण ठीक आहे, वसुलीत दोन वर्षं आम्हीही सांभाळून घेतो. मात्र त्यातला सरकारी पैसा उलगडून पाहिला तर दोनतृतीयांशाहून जास्त वाटा कर्जाचा. म्हणजे फेडायचा. आमच्या शाखेत कुणी कर्जाची रक्कम ‘मदत’ म्हणून दाखवली असती तर तपासनिसानं त्या पानावर लाल शाईनं शेरा मारला असता. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत पुढचा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, आणि भारताच्या प्रतिनिधींनी तिथल्या तिथे उभं राहून तो अपुरा असल्याचं सुनावलं. मला बरं वाटलं.

तरीपण परदेशी मदत म्हणजे सगळं ढोंग, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. कारण ती मदत एकदा माझ्या टेबलावरून गेली आहे. पाटी नाही, उद्घाटन नाही, गोऱ्या पाहुण्यांबरोबरचा फोटो नाही. नुसता व्याजदराचा एक रकाना.

२००३ ची गोष्ट. मी तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं कर्नाटकात घरगुती सौरदिव्यांच्या कर्जाची योजना सुरू केली. कॅनरा आणि सिंडिकेट या दोन बँका आणि त्यांच्या आधाराखालच्या ग्रामीण बँका त्यात होत्या. त्यांपैकी एकीत मी. योजनेमागे पैसा होता संयुक्त राष्ट्र फाउंडेशनचा आणि शेल फाउंडेशनचा. हो, तेच शेल, तेलवाले. रॉकेलचा दिवा विझवायला तेल कंपनीच्या नावाच्या संस्थेनं पैसे द्यावेत यावर आमच्या शाखेत चहाच्या वेळी बरीच चेष्टा झाली.

आता मुख्य मुद्दा. ही योजना दिवा स्वस्त करत नव्हती. दिव्याची किंमत तीच राहिली. स्वस्त झालं ते व्याज. बाजारात तेव्हा १२ टक्क्यांच्या आसपास दर होता, तो गिऱ्हाइकाला सुरुवातीला ५ टक्क्यांनी पडायचा. मधला फरक योजनेतून बँकेला मिळायचा, म्हणजे बँकेचंही काही बुडत नव्हतं. आणि ही सवलत कायमची नाही, टप्प्याटप्प्यानं कमी होत जाणार, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

हिशेब करून दाखवते, सवय आहे. समजा चार दिव्यांचा संच वीस हजारांच्या आसपास, पदरचे तीन हजार घातले, सतरा हजारांचं कर्ज, मुदत पाच वर्षं. १२ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता ३७८ रुपये. ५ टक्क्यांनी ३२१. फरक ५७ रुपये. पाच वर्षांत एका घरामागे साडेतीन हजारांच्या आतबाहेर. जगभरातून आलेली मदत जांबोटीच्या डोंगरातल्या एका घरापर्यंत पोचली तेव्हा तिचा आकार हा एवढा होता.

५७ रुपयांनी काय होतं? रेशनचं रॉकेल तेव्हा नऊ रुपये लिटरच्या आसपास होतं, पण रेशनवर मिळेल तेवढ्यात महिना निघायचा नाही. उरलेलं वरून घ्यावं लागायचं, वाटेल त्या भावानं. ३७८ चा हप्ता ऐकला की माणूस गप्प बसायचा, ‘बघूया’ म्हणून उठायचा. ३२१ ऐकला की बायकोकडं बघायचा. मी हे अनेकदा पाहिलंय. बायकोनं मान हलवली की कर्ज झालं म्हणून समजायचं.

जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका वाडीत एक काकू होत्या. मुलगा गोव्यात कामाला, घरात सून आणि दोन नातवंडं. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. युनो, पर्यावरण, पाच टक्के. मग म्हणाल्या, “बाई, व्याज कमी केलासा ते बरं केलासा. पर हप्ता सुगीला घ्या की.” खरंच होतं. त्या भागात भात घरात येतं ते दिवाळीच्या पुढेमागे, काजूचा पैसा उन्हाळ्यात, आणि गोव्याहून पोरगा येईल तेव्हा येईल. दर महिन्याच्या महिन्याला पैसा असतो तो नोकरदाराच्या घरी. जिनिव्हा-पॅरिसमध्ये बसून ज्यांनी योजना आखली त्यांना व्याजाचं गणित अचूक जमलं होतं, पण सुगी त्यांच्या कागदात नव्हती. आमच्या मॅनेजरांनी सहा महिन्यांचे हप्ते बांधून द्यायला सुरुवात केली. वसुली चोख झाली.

दुसरी गोष्ट जमली होती ती विक्रेत्यांची. कुणीही यावं आणि पत्र्यावर पॅनेल ठोकून जावं असं नव्हतं. हमी देणारे, नंतरची दुरुस्ती करणारे विक्रेते निवडून त्यांची यादी होती, कर्ज त्यांच्याच मालावर. कागदावर ही एक ओळ. जागेवर तिचा अर्थ असा, की एक बावीस वर्षांचं पोरगं मोटरसायकलला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बांधून चिखलातनं वाड्यावाड्यांवर फिरत होतं. लोक बॅटरीत विहिरीचं पाणी घालायचे, क्वचित पावसाचंही. हे पोरगं त्यांना ओरडायचं, बॅटरीची टोकं खरवडून साफ करायचं, ट्यूब बदलायचं. हप्ता थकला की नव्वद टक्के वेळा कारण एकच असायचं, दिवा लागत नाही. दिवा लागला की माणूस आपणहून शाखेत येतो. त्यामुळे वसुली अधिकाऱ्यापेक्षा त्या पोराचीच आम्हाला जास्त गरज होती.

आणि पाऊस. कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. मलप्रभा तिथेच उगम पावते. जूनपासून गणपतीपर्यंत ऊन म्हणून काही दिसत नाही. चार दिव्यांतले दोन काढून ठेवायचे, एक स्वयंपाकघरात, एक पोरांच्या अभ्यासाला. विक्रेत्याच्या कागदावर ‘रोज चार तास’ लिहिलेलं असायचं. मी कर्ज देतानाच सांगायचे, पावसात चारचे दोन धरा. काही जण तेवढ्यानं परत गेले. जाऊ देत.

योजना चारेक वर्षं चालली. दोन हजारांवर शाखांतून वीस हजारांच्या जवळपास घरांना कर्जं गेली, आणि सवलत संपल्यावरही बँका नेहमीच्या दरानं सौरदिव्यांना कर्ज देत राहिल्या. माझ्या मते यश ते हे. तोवर सौरदिव्याला कर्ज म्हटलं की बँकवाले म्हणायचे, म्हशीला देऊ, दिव्याला कसं देणार, दिवा काय दूध देतो? त्या ५७ रुपयांनी गिऱ्हाइकाची भीती जेवढी घालवली त्याहून जास्त आमची घालवली.

त्याच काळात आणि नंतरही फुकट वाटलेले सौर कंदील मी पाहिले. ग्रामपंचायतीच्या दारातले सौर खांब पाहिले, ज्यांच्या बॅटऱ्या पहिल्याच वर्षी रात्रीतून गायब झाल्या. त्याबद्दल काय लिहायचं? ज्याच्यासाठी कुणी पैसे मोजले नाहीत त्याची तक्रार घेऊनही कुणी आलं नाही.

आता कार्बनबद्दल थोडं. एक लिटर रॉकेल जाळलं की अडीच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. महिन्याला पाच लिटर धरले तर घराचे वर्षाला दीडशे किलो. भारतात माणशी वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदा-पंधरा टन. त्या वाडीतल्या अख्ख्या घराचे दीडशे किलो वाचवून पृथ्वी किती थंड झाली हे मला विचारू नका. अहवालांत मात्र वाचलेल्या कार्बनचे आकडे आधी येतात आणि सुनेला रात्री भाकरी करताना तवा नीट दिसला हे शेवटच्या पानावर, चौकटीत, फोटोसकट.

आणि ते ‘शाश्वत उपभोग’. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा उद्दिष्टांतलं बारावं. त्यातलं एक कलम सांगतं की विकसनशील देशांना शाश्वत उपभोगाकडे जायला तांत्रिक बळ द्या. कलम चांगलंच आहे. पण त्या काकूंच्या घरी जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं शेवटी भांडी धरायचं फडकं होत होतं. त्यांना शिकवायला जाणाऱ्यांनी आधी आपल्या घरचा कपाटाचा कप्पा उघडून बघावा. बळ द्यायचंच असेल तर ते कारखान्याला द्या, नळाला द्या, विजेच्या तारेला द्या. तिथे खरी गळती आहे.

कारखान्याचं म्हणाल तर ते मला घरातच बघायला मिळालं. माझ्या धाकट्या दिरांची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, आहे. पंपाची, व्हॉल्व्हची, ट्रॅक्टरची बारीकसारीक कास्टिंग. पूर्वी कोकवर चालणारी क्युपोला भट्टी, आता विजेवरची इंडक्शन भट्टी. २०११ च्या सुमारास युनिडो ही संयुक्त राष्ट्रांची उद्योगविकास संस्था, जागतिक पर्यावरण निधी आणि आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं मिळून छोट्या उद्योगांसाठी एक कार्यक्रम काढला. फाउंड्रीसाठी त्यात तीन गावं: बेळगाव, कोइमतूर आणि इंदूर. गंमत बघा, त्याच पर्यावरण निधीच्या पैशातून जागतिक बँक आणि सिडबी, म्हणजे आपली लघुउद्योग विकास बँक, यांचा दुसरा कार्यक्रम होता, त्यात फाउंड्रीसाठी कोल्हापूर. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की तोच धंदा, तीच वाळू, बऱ्याचदा तेच मोल्डर, पण मदतीच्या फायली दोन. आपल्या सीमाभागाच्या नशिबी दोन फायली कुठेच चुकत नाहीत.

ऑडिटवाले आले, मीटर लावून गेले, जाडजूड अहवाल दिला. दिरांनी तो माझ्यासमोर टाकला. “वैनी, ह्यात नवीन काय सांगिटलंय? भट्टीवर झाकण ठेवा, कॉम्प्रेसरची गळती काढा. झाकण ठेवायचं आम्हाला कळत नाही होय?”

कळत होतंच. चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळलेलं लोखंड उघडं ठेवलं की उष्णता आढ्याला जाते हे पोरालाही कळेल. टनभर लोखंड वितळवायला सहाशे-साडेसहाशे युनिट जातात, त्यातले काही नुसते हवेत. पण झाकण जड, हातानं ओढायचं, तोंडाला झळ लागते, आणि दर थोड्या वेळानं भंगार टाकायला ते पुन्हा उघडायचं. कामगाराला मजुरी मिळते ती ओतलेल्या मालावर. वाचलेल्या युनिटांवर त्याला कुणी काही देत नाही. तो कशाला झाकेल?

अहवालाचा खरा उपयोग झाला तो वेगळाच. प्रत्येक हीटच्या, म्हणजे एका वेळच्या वितळणीच्या, सुरुवातीला आणि शेवटी मीटरचा आकडा वहीत लिहायचा, ही सवय त्यातून लागली. आठवड्याभरात दिसलं की रात्रपाळीत टनामागे युनिट जास्त जातात. कारण रात्री मोल्ड, म्हणजे ओतायचे साचे, तयार नसायचे आणि वितळलेला माल भट्टीत तसाच धरून ठेवावा लागायचा. भट्टीचा दोष नव्हता, मोल्डिंगचा होता. दिवसा मोल्ड जास्त भरून ठेवायला लागले, आकडा खाली आला. एक रुपयाचं यंत्र न घेता. नंतर हायड्रॉलिकवर उघडझाप होणारं झाकणही आलं, त्याला मात्र कर्ज लागलं.

आणि इथे बँक अडते. मी बँकेच्या बाजूनं सांगते, कारण उद्योजक नेहमी आम्हालाच शिव्या देतात. कारखानदार म्हणतो, महिन्याला इतके युनिट वाचतील, त्यातून हप्ता भरतो. खरं असेल. पण वाचलेलं युनिट तारण म्हणून कपाटात ठेवता येत नाही. यंत्राला बोजा चढवता येतो, बचतीला कुठला चढवणार? जायका या जपान सरकारच्या मदतसंस्थेनं २००८ मध्ये सिडबीला तीस अब्ज येन दिले तेव्हा यावर साधा तोडगा काढला होता: वीज कमी खाणाऱ्या यंत्रांची यादी. यंत्र यादीत असलं की सवलतीचं कर्ज, बचत सिद्ध करत बसायला नको. मला ती पद्धत आवडते. शाखेतल्या माणसाला यादी समजते. पुढे २०१५ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सिडबीकडे अशा कर्जांची काही जोखीम उचलणारी सोयही झाली. पण हेही लक्षात ठेवा, येन हे कर्ज होतं. व्याज नाममात्र असलं तरी येन वरखाली होतो, त्याचा धक्का वाटेत कुणाला तरी सोसावा लागतो. देणगी म्हणून त्याची ओवाळणी करू नये.

दिरांचं टनामागचं वीजबिल उतरलं. एकूण वीजबिल? वाढलं. कारण भाव परवडायला लागला, ऑर्डर आल्या, दिवसाला एक हीट वाढली. येळ्ळूर-मच्छेकडची आणखी माणसं कामाला लागली. परिषदांच्या भाषेत याला कमी कार्बनचा विकास म्हणतात. माझ्या मते हे वाईट नाही. पण एकूण कार्बन घटला असा दावा कुणी माझ्या दिरांच्या नावावर खपवू नये.

नळाचं थोडक्यात. २००४ मध्ये जागतिक बँकेनं कर्नाटकाला जवळजवळ चार कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. मीटरसकट. माझ्या एका मैत्रिणीचं घर त्या भागात, आमचं बेळगावातच, शहापुरातलं, त्याच्या बाहेर. आम्ही पाणी आलं की पिंप, हंडे, घागरी भरायचो आणि पुढच्या वेळी पाणी आलं की ‘शिळं झालं’ म्हणून उरलेलं मोरीत ओतून नवीन भरायचो. हिडकल आणि राकसकोपच्या धरणांतून वीज जाळून चढवलेलं पाणी, सरळ गटारात. गल्लीत सगळेच तसं करायचे. मैत्रिणीनं पहिल्याच वर्षी पिंप विकलं. मीटर बसल्यावर तिच्या सासूबाईंनी आधी दोन वर्षं टपकत असलेला नळ दुरुस्त करायला स्वतः प्लंबर बोलावला. खाजगीकरणाच्या विरोधात मोर्चे निघाले, बिलांवरून भांडणं झाली, त्यांतले काही मुद्दे बरोबरही होते. पण पाणी रोज आलं तर लोक जास्त उधळतील अशी जी भीती घातली जात होती, ती मी पाहिलेल्या घरांत तरी खोटी ठरली.

मग आता काय चाललंय? आता डोंगरातल्याही बहुतेक वाड्यांत केईबीची, म्हणजे जुन्या वीज मंडळाची, वीज पोचली. मंडळाची हेस्कॉम कंपनी होऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडे ती केईबीच. जुनी पॅनेलं काहींनी ठेवली, पावसात झाड पडून लाइन गेली की लागतात म्हणून, म्हणजे नेमकी जेव्हा ऊन नसतं तेव्हा. बॅटऱ्या मात्र पाच-सहा वर्षांतच संपल्या होत्या, जवळजवळ कर्जाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर. पुढची बॅटरी पाच-सहा हजारांची. एवढ्या छोट्या कर्जाच्या कागदपत्रांचा खर्चच बँकेला परवडत नाही, आणि त्यासाठी कुठल्या परदेशी निधीनं व्याज भरल्याचं मी ऐकलं नाही. पहिला दिवा बसवायला सगळे होते, दुसऱ्या बॅटरीला कुणी नाही. माझ्या हातात निधी असता तर तो मी सगळा दुसऱ्या बॅटरीवर घातला असता.

शहरात उलटा पेच आहे. केंद्राची सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅटच्या छतावरच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान. त्याआधी २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती: मागच्या वापराची सरासरी आणि वर दहा टक्के, २०० युनिटांच्या मर्यादेत, वीज फुकट. आमचं बिल शून्य येतं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, छतावर सोलर घालू काय? मी त्यांना खरं ते सांगितलं, तुमचंही बिल शून्यच आहे, वाचवणार काय? बँकेचा हप्ता तेवढा नवीन येईल. दोन्ही योजना आपापल्या जागी शहाण्या आहेत, पण एकाच छपराखाली आल्या की एकमेकींचे पाय ओढतात. एक मात्र आहे, त्या सरासरीच्या धाकानं आमच्या गल्लीत लोक मीटर बघायला लागले. दोनशेच्या वर गेलं तर सगळंच बिल भरावं लागेल म्हणून आमच्याकडे महिनाअखेरीला गीझर बंद असतो.

सोलर परवडतं ते कारखान्याला, कारण त्याला पूर्ण दर पडतो. जागतिक बँकेनं २०१६ मध्ये स्टेट बँकेला छतावरच्या सोलरसाठी साडेबासष्ट कोटी डॉलर दिले ते अशाच छतांसाठी. दिरांनी कोटेशन मागवलं. माणूस आला, शिडी लावून वर चढला, खाली येऊन म्हणाला, पॅनेल बसेल पण तुमचा पत्रा आणि त्याखालच्या लोखंडी कैच्या भार घेणार नाहीत, आधी शेड बदला. आता पॅनेलला कर्ज आहे, इन्व्हर्टरला आहे, सवलतीचा दर आहे. शेडचा पत्रा बदलायला कुठल्याच योजनेत रकाना नाही, कारण पत्रा काही हरित नसतो. त्यासाठी साधं टर्म लोनच करावं लागणार, चालू दरानं. कागद मी काढून ठेवलेत, दीर म्हणतात दसऱ्यानंतर बघू.